शेपटीकडून आलेली हाक

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. ऐकीव नाही, कुठं वाचलेली नाही. मामा आयुष्यात एकाच बाबतीत खोटं बोलले, आणि तीच ही गोष्ट. म्हणून ती खरी आहे असं मी मानते.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, अमावास्या असते. इथं तसलं काही नाही, आधीच सांगून ठेवते.

भर दुपार होती.

सन १९६७, एप्रिल महिना, रविवार. बुलढाणा जिल्ह्यात धाडच्या अलीकडे एक उघडा माळ आहे, तिथं. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

त्या माळावर तेव्हा एक उडायचा क्लब होता. हसू नका. महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, अन् ज्याला त्याला काहीतरी नवं करायची हौस सुटली होती. धाडच्या बाजारात बैलांचे दात बघणाऱ्या लोकांच्या डोक्यावरून ग्लायडर जायचं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान, लाकडाचं अन् कापडाचं. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला एका जुन्या ट्रकचं इंजिन रोवलेलं होतं. त्यावर किलोमीटरभर तार, तिचं टोक ग्लायडरला अडकवलेलं. इंजिन तार गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. मग चालक तार सोडायचा, अन् उन्हानं तापलेल्या हवेवर तरंगत बसायचा. म्हणून उडायची वेळ दुपारचीच.

क्लबच्या पत्र्याच्या शेडवर एक पाटी होती. सभासदांची नावं, अन् प्रत्येकाच्या नावापुढं तो आधी विमानांच्या कामात काय होता ते.

पहिलं नाव भगवानरावांचं. माळ त्यांचा, शेड त्यांची, ग्लायडरही त्यांनीच आणलेलं. नावापुढं लिहिलं होतं, 'युद्धकाळात वैमानिक, चारशे तास.' सगळा मुलूख त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचा. दुसरं नाव वैजनाथ, म्हणजे माझे मामा. ते दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते, आसामकडं मोडकी विमानं जोडायचे. परत आल्यावर धाडला ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तिसरा तुळशीराम. त्यानं विमानतळावर पेट्रोलचा टँकर चालवला होता. इथं तो तारेचं इंजिन चालवायचा. अन् चौथा अनंत. बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर, वय अठ्ठावीस. नागपूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.त ग्लायडर शिकला होता.

आता एक रीत समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे.

ग्लायडर शेडमध्ये सुटं करून ठेवत आणि उडायच्या दिवशी जोडत. त्याच्या शेपटीवर एक आडवी हलती फळी असते. चालकानं दांडी मागं ओढली की फळी वर होते अन् विमानाचं नाक उचलतं. पुढं ढकलली की नाक खाली. दांडी आणि फळी यांना जोडणारी एक लांब सळई असते. ती शेपटीत खिळीनं जोडायची राहिली, तर दांडी चालकाच्या हातात, पण विमान काही त्याच्या हातात नाही.

म्हणून उडण्याआधी एक माणूस शेपटीपाशी उभा राही. फळी दोन्ही हातांनी गच्च धरी. चालक दांडी ओढी. हाताला ओढ लागली की शेपटीवाला हाक देई, "जोर हाये." ती हाक ऐकली की भगवानरावांचा सालदार गडी पुंजाजी पांढरं निशाण हलवी, अन् दूरवर तुळशीराम इंजिन रेटी.

हाक द्यायचं काम मामांचं. जोडायचं कामही मामांचंच.

आदल्या वर्षीच्या चैत्रात मात्र मामांना उशीर झाला. कोणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं, ते सुरू करून सायकल मारत माळावर पोचले तर बारा वाजून गेलेले. ग्लायडर उभं. आत अनंत पट्टे आवळून बसलेला. कॅप्टनसाहेबांनी स्वतःच जोडणी उरकून टाकली होती.

मामा सवयीनं शेपटी बघायला वाकले. तेवढ्यात भगवानराव म्हणाले, "काऊन बे वैजनाथ, माह्या कामावर भरोसा नाही का तुहा? चारशे तास उडलेला माणूस आहो मी."

मामा वरमले. खरंच, आपण साधे फिटर, अन् हे कोण. घसा कोरडा पडला होता. पुंजाजीनं तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला.

अनंतनं पट्ट्यात जेवढं वळता येतं तेवढं वळून विचारलं, "वैजूभाऊ, जोर आहे ना?"

मामांचे हात फळीवर नव्हते. हातात तांब्या होता.

"जोर हाये," मामा म्हणाले.

पुढचं मी लांबवत नाही. ग्लायडर उठलं आणि नाक वर करत करत पार सरळ उभं राहिलं. तार तुटल्याचा आवाज झाला. क्षणभर ते तसंच उभं राहिलं, मग उलटून खाली आलं. अनंत जागच्या जागी गेला.

मामा आणि भगवानराव आधी पोचले. मोडलेल्या शेपटीत सळई मोकळी लोंबत होती. जोडलेलीच नव्हती. मामांनी भगवानरावांकडं पाहिलं. भगवानरावांनी मागं पाहिलं, पुंजाजी अजून लांब होता. त्यांनी खाली बसून सळई जागेवर बसवली अन् खिळी ठोकली. या वेळी काम नीट झालं.

त्या संध्याकाळी भगवानराव मामांच्या दुकानात आले. दार लोटून घेतलं. चौकशीला साहेब येणार होता. कॅप्टनसाहेब मामांच्या समोर खाली जमिनीवर बसले, अन् मामांच्या पायाखालची जमीन सरकली ती त्यांचं बोलणं ऐकून.

ते कधी उडलेच नव्हते.

युद्धात भरती झाले होते, एवढंच खरं. पहिल्याच महिन्यात शिकवणाऱ्यानं नापास करून बाजूला काढलं. मग तीन वर्षं गोदामात ब्लँकेटं अन् बूट मोजले. गावी परतले तेव्हा लोकांनी हारतुरे आणले होते, अन् कोणीतरी विचारलं, विमान चालवलं का? हो म्हणून गेले. तेच पुढं पाटीवर चढलं. जोडणीत काय काय करावं लागतं ते त्यांना धड माहीतच नव्हतं, अन् चारचौघांत विचारायची लाज वाटली.

"मी बुडालो तर तू बी बुडतो वैजनाथ," भगवानराव म्हणाले. "हाक तूच देली. आपुन सांगू, मास्तरनं घाईनं दांडी ओढली. एवढं निभू दे. मंग क्लब बंद. मास्तरच्या बायकोपाशी मी सोता जातो अन् सारं कबूल करतो. माह्या पोटच्या लेकरायची शपथ."

मामांनी मान हलवली. का हलवली? मी त्यांना विचारलं होतं. "भेलो," एवढंच म्हणाले. घाबरलो म्हणाले.

चौकशी झाली. मास्तरची घाई, असं ठरलं.

अनंतची बायको स्नेहलता एके दिवशी दुकानात आली. शाळेतले लोक, दीर, सासरे, सगळे एकच बोलत होते, पोरगा उतावळेपणानं मेला अन् हिला उघड्यावर टाकून गेला. तिनं रडारड केली नाही. म्हणाली, "हे कधी घाईनं जेवलेसुद्धा नाहीत. तुम्ही शेपटीजवळ होता. तुम्ही सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही."

मामा म्हणाले, घाई केली त्यानं.

ती दाराकडं वळली. "घरी तुमचंच नाव असायचं त्यांच्या तोंडी," म्हणाली, अन् गेली. मामा मला म्हणाले, त्यापेक्षा तिनं चप्पल मारली असती तरी बरं झालं असतं.

भगवानराव तिच्याकडं कधीच गेले नाहीत. क्लबही बंद केला नाही. दिवाळीनंतर ट्रकवर दुसरं ग्लायडर आलं. मामांनी यायला नकार दिला, तर निरोप आला, नाही आला तर लोक विचारतील काय लपवून राह्यला. मामा मुकाट्यानं गेले. अन् बाजारात कुजबुज सुरू झाली की मास्तर गेला त्या दिवशी वैजनाथ दारू पिऊन होता. माझ्या मामांनी जन्मात दारूला हात लावला नाही. कुजबुज कुठून निघाली हे कळायला त्यांना आठवडा लागला. भगवानरावांच्या ओसरीवरून निघाली होती. घात केला तो केलाच, वर हे. त्या रात्री मामा जेवले नाहीत.

होळी झाली. ऊन तापायला लागलं.

एका दुपारी मामा शेडमध्ये एकटे होते. नवं ग्लायडर जोडून झालं होतं. सळई, खिळी, सगळं दोनदा पाहिलं. मग आत बसून दांडी ओढून बघितली.

दांडी... हलली नाही.

पुढं ढकलली. तरी नाही.

कुठं लोखंड अडकलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मामाही आधी तेच म्हणाले. पण अडकलेलं लोखंड हाताला टणक लागतं. हे तसं नव्हतं. हे थोडं द्यायचं अन् परत आवळायचं, माणसाचा हात देतो तसं. ही ओढ मामांनी इतकी वर्षं शेपटीकडून घेतली होती. दांडीकडून पहिल्यांदाच घेत होते.

कोणीतरी मागं फळी धरून उभं होतं.

"कोन हाये?" मामांनी विचारलं.

 बाहेर होले पक्षी घुमत होते, ते गप्प झाले होते. पत्रा उन्हानं तडतडायचा, तोही थांबला होता.

मामा वाट बघत राहिले. धरणारा दोन्ही हातांनी, नीट, रीतीप्रमाणं धरून होता... पण हाक देत नव्हता.

मग हळूच ओढ सुटली. दांडी सैल झाली. मामा उतरून मागं गेले. कोणी नाही. भुईवरच्या धुळीत त्यांच्याच चपलांचे ठसे. त्या पत्र्याखाली हात लावावा ते भाजत होतं. त्यांनी फळीवर हात ठेवला. तीही तापलेलीच होती. फक्त जिथं शेपटीवाला धरतो तिथं, दोन ठिकाणी, ती गार होती.

मामांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय, अन् कोणत्या तोंडानं.

आठ दिवसांनी तुळशीराम दुकानात आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "वैजूभाऊ, काल दुपारी माळावर होते का तुम्ही?"

मामा दिवसभर दुकानात होते. चार गिऱ्हाइकं साक्षीला होती.

तुळशीराम खाली बसला. मग म्हणाला, तो एकटाच तारेच्या इंजिनाला तेलपाणी करत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. शेड तिथून किलोमीटरभर लांब. तिकडून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तर निशाण लागतं. अन् त्याला कानाजवळ हाक ऐकू आली...

"जोर हाये."

तीन वेळा. आवाज मामांचा होता.

 मामांनी ठरवलं, आता बस. स्नेहलताला जाऊन सगळं सांगायचं. रोज ठरवायचे, रोज राहून जायचं.

अन् तो एप्रिलचा रविवार आला.

भगवानरावांनी नव्या ग्लायडरचा मुहूर्त ठेवला होता. मांडव, ताशा, पाहुणे. नारळ फोडायला कोणाला बोलावलं असेल? स्नेहलताला. मुख्याध्यापकांमार्फत निरोप धाडून, नाही म्हणता येऊ नये असा. ती पांढरं लुगडं नेसून उभी होती. वर कॅप्टनसाहेबांनी भाषण ठोकलं. मागच्या साली मास्तरच्या उतावळेपणानं क्लबच्या नावाला बट्टा लागला, म्हणाले. अन् शेपटीपाशी उभी राहणारी माणसं शुद्धीत असली पाहिजेत, असंही म्हणाले. लोक मामांकडं बघून हसले.

मामा म्हणाले, तेव्हा त्यांना राग आला नाही. आतून सगळं थंड पडलं. उड्डाण होऊ दे, मग सगळ्यांच्या समोर बोलतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

इतक्या वर्षांत भगवानराव पहिल्यांदा एकटे उडणार होते. ग्लायडरची तऱ्हा वेगळी असते असं सांगून मास्तरकडून अन् नंतर आणखी एका शिकलेल्या माणसाकडून थोडंफार शिकले होते. पाहुण्यांसमोर माघार घ्यायची सोय नव्हती.

जोडणी मामांनी सकाळीच केली होती. खिळी स्वतः बसवली होती, तिला तार गुंडाळली होती. त्यात काडीची कसर नव्हती.

भगवानराव आत बसले. मामा शेपटीपाशी गेले. स्नेहलता नारळ फोडून तिथंच मागं, पाच-सहा हातांवर उभी होती.

मामांनी फळी धरली. दोन्ही हातांनी.

पुढं भगवानराव दांडी ओढत होते. त्यांचा खांदा हलताना मामांना दिसत होता. पण फळी...

फळीला काही कळतच नव्हतं. केसभर ओढ नव्हती.

मामांनी पकड सैल केली. तरी नाही. त्यांच्या बोटांच्या खाली, फळी आणि त्यांचे हात यांच्या मध्ये, आणखी कोणाची तरी पकड होती. गार. गच्च.

ताशा वाजत होता, तो मामांना ऐकू येईनासा झाला. वारा पडला. मामांनी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं...

"जोर हाये."

हाक गेली. खणखणीत. मामांच्या आवाजात.

मामांच्या गळ्यातून काही निघालं नव्हतं.

पुंजाजीनं निशाण हलवलं. पण निशाण हललं की लगेच ग्लायडर उठत नाही. आधी भुईवर पडलेली सैल तार ताणली जाते. पंधरा आकडे सावकाश मोजून होतात एवढा वेळ जातो. मामा तिथंच उभे होते. हात मोकळे होते, गळाही आता मोकळा झाला होता. तार गवतातून सरसरत जाताना त्यांनी पाहिली.

ग्लायडर उठलं, अन् नाक वर करत करत सरळ उभं राहिलं.

भगवानराव वाचले नाहीत.

चौकशीला या वेळी बाहेरून दोन साहेब आले. सळई जागेवर होती. खिळी जागेवर होती. खिळीभोवतीची तारसुद्धा तशीच. कारण काही सापडलं नाही. पुंजाजीनं सांगितलं, हाक वैजूभाऊंनीच दिली, मी बाजूलाच होतो. तुळशीरामनंही तेच सांगितलं. त्याला किलोमीटरभर लांबून ती ऐकू कशी आली, हे मात्र कोणी त्याला विचारलं नाही.

क्लब संपला. शेड कोणीतरी उचलून नेली.

अपघातानंतर दहाव्या दिवशी मामा बुलढाण्याला स्नेहलताच्या घरी गेले. तिच्या सासऱ्यांना बोलावून समोर बसवलं अन् पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोकळी लोंबणारी सळई, हातातला तांब्या, दुकानातली शपथ. म्हणाले, तुमच्या पोरानं घाई केली नव्हती, घात आम्ही दोघांनी केला. म्हाताऱ्यानं उठून मामांच्या थोबाडीत मारली अन् मग तिथंच बसून रडला. मामांनी चौकशीच्या साहेबांना लेखी जबाब दिला, तोच जबाब पुढं शाळेतही वाचून दाखवला गेला.

निघताना स्नेहलता दारापर्यंत आली. मामांना राहवलं नाही.

म्हणाले, "बाई, त्या दिवशीची हाक माही नव्हती. देवाशपथ नव्हती. पण थांब म्हनायले मले वेळ होता. म्या म्हनलं नाही."

तिनं मागचं दार ओढून घेतलं.

मग म्हणाली, "वेळ मलाही होता, भाऊ. सगळ्यांना तो तुमचा आवाज वाटला... मी ओळखला होता."

मामांनी हे मला एकदाच सांगितलं, मरायच्या आदल्या वर्षी. सांगून झाल्यावर मी विचारलं, मग खरंच कोणाचा होता तो आवाज? ते म्हणाले, "मले नको विचारू." नंतर मी स्नेहलताबाईंनाही भेटले. त्यांनी चहा केला, माझी विचारपूस केली, पण त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

मी निघाले तेव्हा बाहेर टळटळीत ऊन होतं. त्या म्हणाल्या, थोडं उतरू दे, मग जा. मी बसून राहिले.